इलेक्शनभाऊंचा पक्ष

नवा माणूस भेटला की भाऊ आधी त्याचं गाव विचारायचे आणि लगेच दुसरा प्रश्न टाकायचे, "तिकडं कोण निवडून येते, न कोणाच्या मतावर येते?" पगार, लग्न, मुलंबाळं सगळं नंतर. बहारीनमध्ये आम्हा कुणालाच मत नव्हतं, पण या माणसाच्या डोक्यात बारा महिने मतमोजणी चालू. ऑफिसात सगळे त्यांना इलेक्शनभाऊच म्हणायचे. मी वसईची, त्याच एसी दुरुस्तीच्या कंपनीत टायपिस्ट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, तुमचे कॅथलिक लोक चर्च सांगेल तिकडेच मत देतात का? मी तडकले. आमच्या घरात चौघांची तोंडं चार दिशांना असतात, असं सुनावलं. त्यावर भाऊंना खरोखरच वाईट वाटलं. "मंग तुम्हाले मोजणार कोण, ताई?"

भाऊ वर्ध्याकडचे, बौद्ध, आणि पक्षाच्या बाबतीत एकदम कट्टर. वस्ती एकगठ्ठा राहिली तर पुढारी ऐकतो, फुटली की खलास, हे ते प्रत्येक चहाबरोबर सांगत. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आणि त्या वर्षी नेमकी त्यांच्याच घरात फूट पडली. ज्या धाकट्या भावाला ते खांद्यावर बसवून सभांना न्यायचे, तो नगरपालिकेला उभा राहिला. तोही दुसऱ्या पक्षाच्या तिकिटावर. एकेकाळी याच पक्षाच्या लोकांनी त्यांच्या वस्तीवर दगडफेक केली होती. भाऊंनी बोलणं टाकलं. शुक्रवारी आईला फोन लावायचे आणि धाकट्यानं उचलला तर न बोलता ठेवून द्यायचे. मी एकदा समजावायला गेले, तर म्हणाले, मला भाऊच नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे मात्र मी पाहिलं.

जुफैरच्या अमेरिकन तळावरचे काही एसी आमच्या कंपनीकडे होते. बिलांवर सही घ्यायला भाऊंबरोबर मीही जायची. तिथला सुपरवायझर काळा, अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, आवाज मोठा पण माणूस मऊ. त्या वर्षी त्यांच्याकडेही निवडणूक होती आणि त्याच्या खोलीत टीव्ही सतत तेच ओरडत असायचा. भाऊंनी आपल्या मोडक्या इंग्रजीत त्याला आगाऊच शुभेच्छा दिल्या, तुमचा हत्ती चिन्हाचा पक्ष नक्की जिंकणार म्हणून! गुलामगिरी उठवणारा अध्यक्ष त्या पक्षाचा, मग काळी माणसं दुसरीकडे जातीलच कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब.

सुपरवायझरसाहेब आधी पोट धरून हसला. मग टीव्हीचा आवाज कमी करून सांगायला लागला. त्याचे आजोबा मरेपर्यंत त्याच पक्षाचे होते. पण पक्ष बदलत गेला. जे गोरे शेजारी काळ्यांना मतदान केंद्राची पायरी चढू देत नव्हते, तेच हळूहळू त्यात येऊन बसले. आजोबा ज्या पक्षाला गुलामांच्या मालकांचा पक्ष म्हणायचे, त्या पक्षात त्याचे वडील गेले, आणि पाठोपाठ जवळजवळ सगळा समाज गेला. आता त्याची मुलगी म्हणत होती, मला दोन्ही नकोत. पुढे कोण कुठे जाईल, देव जाणे, असं म्हणून त्यानं खांदे उडवले.

"आजोबा बरोबर का वडील?" भाऊंनी विचारलं.

"आपापल्या काळात दोघंही," साहेब म्हणाला. "पण ते पुन्हा कधी एका टेबलावर जेवले नाहीत. आजोबांच्या अंत्यविधीला वडील शेवटच्या रांगेत उभे होते."

परतताना रस्ता संपत आला तेव्हा भाऊ गाडीत म्हणाले, आख्खा समाज इकडचा तिकडे जातो तर आपण छातीशी नेमकं काय धरून बसलोय? थोड्या वेळानं त्यांनीच ठरवलं: धाकट्याला मत द्यायचं नाही, पण त्याच्या घरी जेवायला जायचं.

मतदानाच्या वेळेला रजा काढून ते गेले. परत आले तेव्हा धाकटा निवडणुकीत पडला, एवढंच कळलं. बाकी कुणी काही विचारलं की विषय बदलायचे. पुढच्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट संपवून ते कायमचे निघाले, त्या दिवशी सामान गाडीत चढवून झाल्यावर मला म्हणाले, "ताई, गेलतो मी जेवाले."

मग सगळं सांगितलं. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ते न कळवताच धाकट्याच्या दारात जाऊन उभे राहिले. धाकटा बाजूला झाला. भावजयीनं आत पान वाढलं. बाहेर ओसरी माणसांनी भरलेली. धाकटा एकेकासमोर हात जोडत होता, विरोधात जाणार हे ठाऊक असलेल्यांसमोरसुद्धा. भाऊ आत एकटेच जेवत होते आणि सगळं ऐकू येत होतं.

"सगळ्याईले मत मांगतलं त्यानं," भाऊ म्हणाले. "मले नाही मांगतलं."

माझी जीभ मेली तिखट. मी म्हटलं, तुम्ही तरी कुठे देणार होतात?

"नसतंच देलं," भाऊ म्हणाले. "पण मांगाले पाह्यजे होतं ना."