पश्चिमेचे दार बंद ठेवावे

मुलुंडजवळच्या एका बॉयलरच्या कारखान्यात मी लागलो, तेव्हा आपण काय काम करतो हे घरमालकांना समजावताना माझी पुरेवाट झाली. लोखंडाचे पत्रे कसे जोडायचे ते मी लिहितो, असं म्हणालो. म्हणजे तुम्ही वेल्डर का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग वेल्डर काय करतात? जोडतात. यावर ते "असं, असं" म्हणाले आणि आत गेले.

काम मात्र खरोखर तेच होतं. रॉड कुठला, करंट किती, पत्र्यांच्या कडा कशा तासायच्या, थर किती भरायचे, हे कागदावर उतरवायचं. त्याबरहुकूम एक नमुना जोडायचा, त्यातून पट्टी कापायची आणि ती यंत्रात दाबून पार दुमडायची. जोड फुटला नाही तर कागद पास, आणि पुढचे सगळे बॉयलर त्या कागदाप्रमाणे. कागदात 'नीट', 'बेताने', 'जपून' हे शब्द चालत नसत. ते काढले की मराठी माणसाला सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

बायको गेल्यावर गिरगावातली जागा सोडून मी मुलुंडला एका खोलीत आलो होतो. माणसांशी बोलणं व्हायचं ते दुपारी, डब्याच्या वेळी. शेडचं पश्चिमेचं दार दोन ट्रक शेजारी उभे राहतील एवढं रुंद होतं. तिथे वारा यायचा आणि वेल्डर मंडळी ओळीने बसायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सरकून जागा दिली. माझ्या खानावळीच्या डब्यातल्या भाजीची ओळख पटवायची, हा त्यांचा रोजचा खेळ. मालवणकडचा एक वेल्डर न विचारता माझ्या पोळीवर सुकटीची चटणी ठेवायचा. त्या अर्ध्या तासावर माझा दिवस निघायचा.

नव्या बॉयलरच्या कागदासाठी नमुना जोडला तो सगळ्यात मुरलेल्या वेल्डरने, सकाळी. पट्टी सुरेख दुमडली. लगेच मॅनेजरांनी समारंभ ठरवला. हार आले, खुर्च्या आल्या, फोटोवाला आला. प्रमुख पाहुणे राष्ट्राच्या उभारणीवर बोलले आणि दुमडलेली पट्टी हाती दिल्यावर तिला घोड्याचा नाल समजून त्यांनी ती कपाळाला लावली. पुढे ती मॅनेजरांच्या केबिनमध्ये काचेखाली गेली.

मला ते पुरेसं वाटेना. एकाच्याच हातून साधतं त्याला हातखंडा म्हणतात, पद्धत नव्हे. मी हट्टाने मालवणकडच्या त्या वेल्डरला दुसरा नमुना जोडायला लावला. त्याने दुपारी, दाराशेजारच्या आपल्या जागी तो जोडला. पट्टी दुमडताना फुटली. जोडाच्या पोटात बारीक भोकं होती, जाळीदार घावनासारखी.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी भाजीची ओळख कोणी पटवली नाही. त्याला नापास करायलाच मी हा घाट घातला, असं सगळ्यांना वाटलं होतं.

कारण शोधण्यात आठवडा गेला. रॉड जळताना त्याचा धूर वितळलेल्या लोखंडावर पांघरुणासारखा राहतो आणि हवा आत शिरू देत नाही. दुपारचा वारा ते पांघरूण उडवत होता. दार लावून त्याच वेल्डरने पुन्हा नमुना जोडला आणि पट्टी कुठेही न फुटता दुमडली. मी ताडपत्रीचे आडोसे मागितले, तर मॅनेजरांनी पुढच्या पंचवार्षिक योजनेकडे बोट दाखवलं. शेवटी मी कागदात एक ओळ घातली: जोडकाम चालू असताना पश्चिमेचे दार बंद ठेवावे.

जोडकाम पाळीपाळीने दिवसभर, डब्याच्या वेळीही कोणाचं ना कोणाचं, चालू असे. तो एप्रिल होता आणि छप्पर पत्र्याचं. डब्याची पंगत मोडली. जो तो आपापल्या मशीनपाशी, घाम पुसत, भिंतीकडे तोंड करून जेवू लागला. मला 'दार' असं नाव पडलं. "दार आलं रे," एवढं ऐकू आलं की शेडमधलं बोलणं थांबायचं. मी डबा घेऊन बाहेर, दारापलीकडच्या ओट्यावर बसू लागलो.

एका दुपारी मालवणकडचा वेल्डर तिथे आला. उभ्यानेच म्हणाला, "साहेबांनु, तेवढी एक ओळ खोडा मगे. कोणाक कळतला?"

बॉयलर फुटला तर त्याच्याजवळ कोणीतरी उभा असेल, त्याला कळेल, असं मी म्हटलं.

"तो काय तुमका ओळखता?"

"नाही."

ओळ खोडली असती तर दुसऱ्या दिवशी माझ्या पोळीवर चटणी आली असती, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. तो आत गेला आणि कागदात लिहिल्याप्रमाणे त्याने दार ओढून घेतलं.

बाहेर वारा छान सुटला होता. मी डबा उघडला. भाजी बहुधा पडवळाची होती.