मावशींनी खोडलेलं उत्तर

लातूरच्या एका कॉलेजात संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी सोप्या गणिताचा वर्ग भरतो. त्याच्या परीक्षेत शेजारच्या मावशींना मी न विचारता उत्तर सांगितलं, आणि तेही चुकीचं.

मावशी औशाहून बसने यायच्या. दवाखान्यात आया होत्या. पास झाल्या तर नोकरी कायम होणार होती. पदराआड बोटांची पेरं मोजायच्या आणि उत्तर बरोबर आलं तरी विचारायच्या, "आसंच आसल का वो, साहेब?" साहेब म्हणजे मी. पोरीला अपूर्णांक शिकवता येईना म्हणून वर्गात आलेला.

साठ मिलीची बाटली, पाच मिली औषध दिवसातून तीनदा; किती दिवस पुरेल? मावशींनी चार लिहिलं होतं. मी 'तीनदा' वाचलंच नव्हतं. "बारा," मी कुजबुजलो. त्यांनी चार जपून खोडलं.

चूक जिन्यात कळली. कबूल केली, तर म्हणाल्या, "जाऊ द्या. रोज मीच पाजते की लेकरांना, चारच दिवस पुरतंय. पर तुम्ही शिकलेले."

निकाल सोमवारी आहे. जेवताना बायकोला म्हणालो, "येत असून त्यांनी खोडलं कसं?"

ती पोळी वाढत म्हणाली, "त्यात नवल काय? तुम्ही सांगितलं की मीही खोडतेच."