आठवे नाव

ओल्या लोकरी कोटांचा आणि फळा पुसायच्या स्पंजाचा मिसळलेला वास आला, की मला जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमधली प्रौढांची संध्याशाळा आठवते. मराठी कवितेत एम.ए. केलेली मी तेव्हा बेकरीत बोटाने पाव दाखवून मुकाट्याने परतत असे. जर्मनच्या वर्गात नाव घातले होते. पण आठ विद्यार्थी जमल्याशिवाय वर्ग सुरू होत नसे आणि आम्ही सातच होतो. नोंदणीचा शेवटचा दिवस उजाडला. वर्ग रद्द झाला असता, तर वसंतापर्यंत मला मुकेच राहावे लागले असते.

तीन महिन्यांसाठी नागपूरहून आलेल्या सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “माझं नाव घाल.”

“अहो आई, तुम्ही डिसेंबरात परत जाणार.”

“तोवर शिकते. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. का, सासू शेजारी बसली तर लाज वाटेल?”

शाळेच्या नोंदणी-खिडकीतल्या बाईंनी आईंचे जन्मवर्ष दोनदा वाचले आणि हसून शिक्का मारला. वर्ग सुरू झाला. पहिल्याच संध्याकाळी आईंनी आपले नाव जर्मनमध्ये इतक्या खणखणीत आवाजात सांगितले, की मागच्या बाकावरच्या वयस्क तुर्की सुताराने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी जेवण आटोपून मी सोफ्यावर टेकले. आईंनी ताटे बाजूला सारली, चष्मा पुसला आणि माझी वही टेबलावर उघडून मला शांतपणे म्हणाल्या, “गृहपाठ.”