लोखंडी जिन्यावरचा चेंडू

“आमच्या लहानशा अपार्टमेंटमध्ये तो चेंडू आम्ही चौघांनी देवासारखा जपला. दिवाणखान्यात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर. विद्यापीठाच्या फुटबॉलच्या इतिहासात मराठी माणसाला मिळालेला तो पहिला मान होता, आणि तो आम्हा सर्वांचा होता.”

ही वाक्ये मुकुंदरावांची आहेत. अमेरिकेतील आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत ती छापली गेली आणि पिस्कॅटवेतील एका शाळेच्या सभागृहात त्यांनी ती माइकवरून वाचूनही दाखवली. टाळ्या पडल्या. मी समोरच बसलो होतो. विद्यापीठ आपल्या फुटबॉल संघाच्या इतिहासाचे दालन उभारीत आहे. तेथे तो चेंडू काचेच्या पेटीत मांडावा आणि त्याखाली हाच मजकूर इंग्रजीत लावावा, असा मंडळाचा प्रस्ताव आहे. चेंडू माझा आहे. माझ्या घरी आहे. तेव्हा माझी संमती हवी.

त्या काळी मी नागपूरहून इंजिनिअरिंगच्या पुढील शिक्षणासाठी आलो होतो आणि खर्चाला हातभार म्हणून संघाच्या साहित्यखोलीत काम करीत होतो. येथील फुटबॉल लंबगोल चामडी चेंडू काखेत दाबून, अंगावर अंग आदळत खेळतात. घामाने, चिखलाने, कधी रक्ताने भिजलेल्या जर्सी धुणे हे माझे काम. त्या कामाची मला कधीही लाज वाटली नाही. वॉल्टर नावाचे तेथील वृद्ध प्रमुख मला शेजारी बसवून स्वतःच्या सँडविचमधला अर्धा भाग देत.

एका सामन्यात मैदानाचा चिखल झाला. मध्यंतरात साहित्यखोलीतल्या आम्ही सर्वांनी खेळाडूंच्या बुटांचे आखूड खिळे काढून लांब खिळे पिळून बसवले. उत्तरार्धात समोरचे घसरत राहिले, आमचे उभे राहिले. जिंकलो. या खेळात एक रीत आहे: विजयाचा मानकरी जो असेल त्याला त्या सामन्याचा चेंडू देतात. बहुधा खेळाडूला. त्या दिवशी कप्तानाने वॉल्टरकडे पाहिले, वॉल्टरनी माझ्याकडे बोट केले, आणि चेंडू माझ्या हातात आला. “शूजसाठी,” कप्तान म्हणाला. एवढेच.

तो घेऊन मी घरी आलो. आम्ही चौघे एकत्र राहत होतो. ते तिघे पुण्याचे. माझ्या गावावरूनच आलेल्या माझ्या आडनावाचा त्यांना उलगडा होत नसे. फिरूनफिरून विचारीत. मी विषय बदलीत असे.

चेंडू जेवणाच्या टेबलावर ठेवला. एकजण म्हणाला, “अरे, याला पिगस्किन म्हणतात. डुकराचं कातडं. टेबलावरून काढ, यार.”

“म्हणतात तसं. पण हे गाईचं आहे,” मी म्हणालो.

मुकुंदराव तेव्हा नुसते मुकुंदा होते. चहा गाळीत होते. “तुला काय माहीत?”

“हाताला कळतं.”

माझ्या आजोबांनी गावची मेलेली ढोरे ओढली, सोलली. धम्मदीक्षा घेतल्यावर वडिलांनी ते काम सोडले. पण विहिरीवरच्या जुन्या चामडी मोटेचा एक तुकडा घरात बसायला होता, आणि मी लहानपणी त्यावरच लोळलो. कातडे माझ्या बोटांत होते. ते मी एका वाक्यात सांगून बसलो.

मुकुंदा हसला. “म्हणजे आडनावाचं कोडं सुटलं,” तो म्हणाला.

सकाळी टेबल पुसलेले होते. चेंडू बाहेर, जिन्याच्या लोखंडी जाळीवर. माझा कप खिडकीत वेगळा. “पर्सनली मला काही नाही रे,” मुकुंदाने समजावले. “पण किचन एक आहे ना.” आणि त्याचे लेदर जॅकेट, सेलमध्ये घेतलेले, गाईच्याच कातड्याचे, आत कपाटात होते. गणपतीच्या तसबिरीला लागून. कातड्याला जात नव्हती. हाताला होती.

मग बर्फ पडले. रोज वर्गाला जाताना मी त्या चेंडूवरून पाऊल उचलून उतरत होतो. मान खाली. वॉल्टरनी एकदा सहज विचारले, घरी कुठे मांडलास? मी जर्सींच्या ढिगाकडे वळलो. कान तापले. सात समुद्र ओलांडून आलो होतो, आणि गावकुसाबाहेरची जागा माझ्याआधी येथे येऊन बसली होती. ती लाज आज लिहितानाही तशीच वर येते. वयाने ती विरत नाही.

बर्फ वितळू लागले तेव्हा मुकुंदाचे काका येणार होते.

“ते चामडं तेवढं डम्पस्टरमध्ये टाकून दे,” तो म्हणाला.

“टाकणार नाही.”

“मग?”

“जातो.”

एका हातात बॅग घेतली. चेंडू काखेत दाबला, खेळाडू दाबतात तसा. कोणी हिसकावू नये म्हणून. जिना उतरताना मान खाली घातली नाही. खोली मिळेपर्यंत वॉल्टरच्या घरी राहिलो.

परवा कार्यक्रमानंतर मुकुंदरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “अरे, म्हातारे झालो आपण. आठवणींची सरमिसळ होते. आणि पोरांना हे सांगून काय मिळवायचंय? इथे आपण सगळे एकच ना?” भोवतीच्या मंडळींनी माना डोलावल्या. मुकुंदकाका किती मोठ्या मनाचे, असे कोणीतरी म्हणाले. गाडीत नात मला म्हणाली, “हू वुड नो, आजोबा?”

तिला मी घरी नेऊन उत्तर दाखवले. मंडळालाही तेच दाखवीन. चेंडू दालनात जाईल तर त्याखाली लिहिले जाईल की, ज्याला हा मिळाला त्याची जात कळताच त्याच्याच माणसांनी तो हिवाळाभर घराबाहेर ठेवला. तसे लिहायचे नसेल तर काचेची पेटी रिकामी राहील. मला आठवते की नाही, हा वाद मी घालणार नाही. चेंडू उचलावा आणि उलटा करावा. त्याचे चामडे खालच्या अंगाने पांढुरके पडून उलले आहे, आणि त्यावर जिन्याच्या जाळीचे चौकोन गंजाने उमटलेले आहेत.