पाठमोरी शिकवणी

माझी मावशी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते आणि फळ्यापुढे तिचा हात कोणी धरू शकणार नाही. हे तिचंच मत आहे, पण खोटं नाही. म्हणूनच ऑनलाइन वर्गातल्या एका विद्यार्थिनीने अभ्यासक्रम सोडते म्हटल्यावर तिला मिरच्या झोंबल्या.

ही मुलगी डोंगरापलीकडच्या लहान दवाखान्यात नर्स. तिथे व्हिडिओ उघडतच नाही, नुसता आवाज पोचतो. "मॅडम, तुम्ही म्हणता, रेघ इथून अशी वर जाते. इथून म्हणजे कुठून? मला काहीच दिसत नाही. माझं नाव काढून टाका."

"परीक्षेपर्यंत थांब," मावशी म्हणाली. "मी बघते."

विभागप्रमुखांनी हात झटकले. व्हिडिओ चढवले, आपलं काम संपलं. ज्याला दिसत नाही त्याने नेट असेल तिथे जावं. पेशंट टाकून नर्सने कुठे जावं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. असल्या माणसांची मला चीड येते. मावशी मात्र वाद घालत बसली नाही. घरी येऊन मला म्हणाली, "कागद घे, माझ्याकडे पाठ करून बस आणि मी सांगते तसं काढ."

रेघ हळूहळू वर ने, म्हणाली. मी नेली. ती कागद ओलांडून टेबलावर गेली.

"अगं, थांब की!"

"तू थांब म्हणालीस का?"

शहाणी आहेस, म्हणाली, पाणी प्यायली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तिच्या तोंडून 'इथे' किंवा 'असं' निघालं की मी टेबल वाजवायची. जेवतानासुद्धा "ते द्या इकडे" म्हणाली की काका विचारायचे, "ते म्हणजे मीठ की पाणी?" ती चिडायची, पण सोडायची नाही.

हळूहळू जमलं. "डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघ. वर चढ. मध्याजवळ आलीस की चढ मंदावू दे. मधोमध माथा. पलीकडे तसाच उतार." माझ्या कागदावर सुरेख टेकडी उभी राहिली. मग रस्त्याचा आवाज नको म्हणून कपड्यांच्या कपाटात डोकं घालून तिने सगळे धडे नव्याने रेकॉर्ड केले आणि नर्सला पाठवले.

उत्तर आलं नाही. मावशी सारखी फोन बघायची. "सोडलं असेल तिने," मी म्हटलं, तर माझ्यावरच डोळे वटारले.

एका दुपारी फोन वाजला. "मॅडम, आज मी सांगते, तुम्ही काढा. डाव्या कडेच्या मध्यावरून निघा. थोडं सपाट चाला. आता एकदम वर, वरच्या कडेच्या बोटभर खाली थांबा. मग सावकाश उतरा, पण निघालात त्याच्या जरा वरच थांबा."

मावशीने कागदाकडे पाहिलं. "हा कोणाचा तरी ताप आहे. औषध लागू पडलंय, पण पुरता उतरलेला नाही."

"बरोबर! सकाळी डॉक्टरांना फोनवर असंच सांगितलं. त्यांनाही लगेच कळलं." मग तिने विचारलं, "मॅडम, परीक्षेचं केंद्र कुठे आहे?"

"अगं, हे काय, इथेच," मावशी म्हणाली.

मी टेबल वाजवलं. तिने डोळे पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. "बसमधून उतर. बसकडे पाठ कर. आता उजवीकडे वळ."