परीटणीचा तपास आणि आत्याबाईंचा अंदाज

लग्न होऊन मी अकोल्याला आले तेव्हा माझे यजमान सरकारी कचेरीत कारकून होते. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली माणसं. घरात वाचन झालंच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. त्या नावाखाली ते दर महिन्याला वाचनालयातून एक मासिक आणत आणि सगळ्यात आधी शेवटची पानं उघडत. तिथे चित्रांतून सांगितलेली रहस्यकथा असे. तिच्यात चोर पकडणारी होती एक परीटीण. पाठीवर गाठोडं घेऊन घरोघर जायची आणि कपड्यांवरचे डाग पाहून गुन्हेगार ओळखायची. उलगडा मात्र पुढच्या अंकात.

अंक वाचून झाला की यजमान चष्मा पुसत आणि शुद्ध पुस्तकी भाषेत गुन्हेगार जाहीर करत. ओळीने चार महिने ते चुकले. चारही वेळा चूक लेखकाची निघाली.

पाचव्या महिन्यात एका सावकाराच्या घरातून हार चोरीला गेला. त्या दिवशी घरी जावई होता आणि एक वैद्यही येऊन गेला होता. "हे कृत्य निःसंशय जावयाचं आहे," यजमान म्हणाले.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, शेजारी तूर निवडत होत्या. बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यात त्यांचा जन्म शेतात गेला होता, अक्षरओळख नव्हती. सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "पाहू दे मले."

त्यांनी एकेक चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग विचारलं, "हा वैद्य काय सांगून राहिला?"

"बैलांच्या दमणीत बसून थेट सडकेनं आलो म्हणते," मी वाचून सांगितलं.

"खोटं बोलते. धोतराले पाह्य, कुसळं चिकटली हायत. हा बांधाबांधानं आला."

खरंच, धोतराच्या काठावर बारीक बारीक रेघा होत्या.

"माय, ते शाईचे फराटे हायत," यजमान म्हणाले. पुस्तकी भाषा एकदम कुठे गेली कोण जाणे.

पुढच्या अंकात परीटणीने वैद्याच्या धोतरातून कुसळ उपटून पंचांसमोर धरलं. यजमानांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मले वैद्यावर संशय होताच."

त्यानंतर अंक आधी आत्याबाईंच्या हाती जाऊ लागला. कचेरीत मात्र यजमानांच्या हुशारीचा गवगवा झाला. कसा, ते मी विचारलं नाही. एका रविवारी त्यांचे एक सहकारी नवा अंक घेऊन घरीच आले. "सांगा बुवा, या खेपेला चोर कोण?"

आमच्या हातात तो अंक अजून पडला नव्हता. यजमान खोकले. चहाचं विचारायला आत आले, बाहेर गेले, पुन्हा खोकले. शेवटी ओसरीवरून आत्याबाई म्हणाल्या, "काऊन छळून राहिले त्याले? आणा इकडं." आणि पाहुण्याचा चहा निवायच्या आत त्यांनी स्वयंपाक्यावर बोट ठेवलं. पाहुणे यजमानांकडे पाहून इतके हसले, की चहा बशीत सांडला.

पुढे आत्याबाईंना वाटू लागलं, परीटीण काय बोलते ते आपल्याला कळलं पाहिजे. मी पाटी आणली. वर्षभरात त्या बोट ठेवून अक्षरं लावू लागल्या आणि नवलच झालं. त्यांचे अंदाज चुकू लागले. चित्रातला माणूस 'मी निर्दोष आहे' म्हणाला, की त्यांना ते खरं वाटायचं. छापलेलं कसं खोटं असेल?

तीनदा फसल्यावर त्यांनी उपाय काढला. आधी बोलणं तळहाताखाली झाकायचं, चित्रं बघून गुन्हेगार ठरवायचा, आणि मग सावकाश वाचायचं. पुन्हा त्यांचे अंदाज बरोबर येऊ लागले.

यजमानांनीही तो उपाय करून पाहिला. त्यांचा तळहात मोठा. बोलण्याबरोबर निम्मी चित्रंही झाकली जायची.