तोंड वाकडं करू नकोस

आईच्या बोटांवर डुकराची चरबी चमकत होती आणि ती बोटं चाटत होती. मी तिच्या समोर बसले होते. माझ्या ताटलीत उकडलेला बटाटा होता आणि तोही घशाखाली उतरत नव्हता.

इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या कुशीत, दक्षिण तिरोल नावाचा भाग आहे. डोंगरउतारांवर द्राक्षमळे, खाली दरीत सफरचंदाच्या बागा. तिथल्या एका शेतघरात आम्ही उतरलो होतो. जागा मीच निवडली होती. दोहातल्या नोकरीतली माझी पहिली मोठी रजा, आईबाबांना कुठेतरी घेऊन जायचं होतं. इटली म्हणजे पास्ता, पिझ्झा, म्हणजे आमच्यासारख्या शाकाहारी माणसांची सोय, एवढाच विचार मी केला. ऐन वेळी बाबांच्या खताच्या प्लांटमध्ये, दोहाजवळच्या मेसईदला, दुरुस्तीचं शटडाउन निघालं आणि त्यांची रजा रद्द झाली. आम्ही दोघीच विमानात बसलो. पोचल्यावर कळलं की इथले लोक जर्मन बोलतात, आणि पानगळीच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या घरी जाऊन नवी वाइन पिणं आणि तिच्यासोबत डुक्कर खाणं ही इथली मोठी मौज आहे.

आमच्या मेसईदच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बाबा देशावरचे, पिढ्यानपिढ्या शाकाहारी. पण घरातला पहारा मात्र आईचा. पाचवीत असताना माझ्या शेजारी बसणाऱ्या मंगळूरच्या मुलीने तिच्या डब्यातलं सॉसेज माझ्या डब्यात ठेवलं होतं. मी अर्धं खाल्लं. घरी येऊन सांगितलं, कारण तेव्हा मी सगळं सांगायचे. आईने मला चार वेळा चूळ भरायला लावली, माझा गुलाबी डबा कचऱ्यात टाकला आणि म्हणाली, "शी! उद्यापासून डबा खाताना तिच्याजवळ बसायचं नाही." मी नाही बसले. शाळा संपेपर्यंत डबा एकटीच खाल्ला. ऑफिसातही अजून स्क्रीनकडे तोंड करून जेवते. मांसाचा वास आला की माझा चेहरा आपोआप आक्रसतो. तो मी करत नाही, तो होतो.

पहिल्या संध्याकाळी घरमालकीणबाईंनी तळघर दाखवलं. आईच्याच वयाची, जाड मनगटांची बाई. वाइनची पिंपं होती, आणि पिंपांच्या वर छताला डुकराच्या तंगड्या टांगलेल्या, धुरी दिलेल्या, वरून काळपट बुरशी धरलेल्या. तिथली हवा इतकी दाट होती की ती जिभेवर बसली. मी ओढणी नाकाला लावली. आई मात्र खाली मधोमध उभी राहिली आणि तिने मोठा श्वास घेतला.

"आमच्या माळ्यावर असाच वास यायचा," ती म्हणाली. "सुक्या बोंबलांचा."

आईचं माहेर मालवणकडचं. तिथे सगळे मासे खातात हे मला माहीत होतं. पण सुट्टीत आम्ही गेलो की आई आणि मी आधी वरणभात जेवून उठायचो आणि मग बाकीचे बसायचे. मला वाटायचं, तिलाही माझ्यासारखीच किळस येते.

जेवायला आधी चीज आलं. राखाडी रंगाचं, भुसभुशीत, वर कच्चा कांदा आणि व्हिनेगर. बाळाच्या ओकारीचा वास येतो ना, तसा. मग त्या तंगडीचे पातळ काप, कडेला बोटभर पांढरी चरबी. मी गुगलवर "व्हेजिटेरियन" या शब्दाचं जर्मन शोधत होते. आईने एक काप उचलला, उजेडात धरला आणि तोंडात टाकला.

"आई, ते डुक्कर आहे."

"मला दिसतंय."

"तू कळूनसवरून खाल्लंस?"

"गप गो. चावू दे."

गो. हा शब्द तिच्या तोंडून मी फक्त मावशीशी फोनवर बोलताना ऐकला होता, तोही दार लोटून.

त्यानंतर तीन दिवस मी माझ्या आईला खाताना पाहिलं, आणि तो प्रवास मला आठवतो तो असाच. चकचकीत ओठ, मनगटावर ओघळणारी चरबी, चघळण्याचा आवाज. आंबट कोबीचा वास तिच्या केसांना येत होता. रात्री एका पलंगावर झोपायचं तर मी भिंतीकडे तोंड करायचे. खिडकीतून बर्फाची शिखरं दिसत होती, फोटो काढण्यासारखी. मी काढलेही, पण त्यांच्याकडे बघताना नाकात तळघरच होतं. भाजलेली चेस्टनट आली तेव्हा आई लहान मुलीसारखी ओरडली, "आठळ्या! अगो, फणसाच्या आठळ्या!" आणि त्या बाईंना मालवणीत आठळ्या कशा भाजायच्या ते सांगू लागली. बाईंना एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्या मान हलवत होत्या आणि आईचा पेला भरत होत्या. नवी वाइन गढूळ होती, भांडी विसळल्याच्या पाण्यासारखी. आईने दोन घोट घेतले.

"माडी बरी यापेक्षा."

"तू माडी कधी प्यायलीस?"

"तू कधी विचारलंस?"

शेवटच्या रात्रीच्या जेवणात रक्ताचं सॉसेज होतं. आईने सुरी लावली, त्याची कातडी फाटली आणि आतून काळा लगदा ताटलीत पसरला. मी उठले, अंगणात गेले. तिथे पिळून उरलेल्या द्राक्षांच्या सालींचा ढीग आंबत पडला होता, त्यावर चिलटं घोंगावत होती. त्या ढिगाच्या कडेलाच मला उलटी झाली.

आई पाण्याची बाटली घेऊन मागोमाग आली. पाठीवर हात ठेवायला लागली तेव्हा मी अंग काढून घेतलं. त्या हातालाही वास होता.

"माझा डबा फेकला होतास तू," मी म्हणाले. "अर्ध्या सॉसेजसाठी."

मला वाटलं तिला आठवणार नाही. तिला आठवत होतं.

"गुलाबी," ती म्हणाली. आणि बाटली दुसऱ्या हातात घेत, "घाबरले होते मी. तुला चव लागली असती तर तुझ्या बाबांकडचे सगळे म्हणाले असते, आईकडून आलं."

"मग मला शी का म्हणायला शिकवलंस? तुला तर शी वाटतच नव्हतं."

 तिने बाटलीचं झाकण उघडून ती माझ्यापुढे धरली. मी चूळ भरली.

"एक काम करशील?" तिने विचारलं. "डुकराचं राहू दे, ते इथलं इथे. पण मासे मी घरी करणार आहे. माझ्या स्वयंपाकघरात. बाबांना सांगणार आहे. तू खाऊ नकोस, तू काही बोलूही नकोस. फक्त तोंड वाकडं करू नकोस."

"माझ्या तोंडाचा काय संबंध?"

"ते नाही म्हणणार नाहीत. ते तुझ्याकडे बघतील. तुझं तोंड वाकडं झालं की म्हणतील, पोरीला सोसत नाही, जाऊ दे. मग झालंच." मग ती एकदम हसली. "तुझ्या बाबांचे प्लांटवरचे कव्हरऑल वीस वर्षं धुतेय. अमोनियाने डोळे झोंबतात. मी कधी तोंड वाकडं केलं?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी बहुतेक वेळा असंच करते.

परत आल्यावर दोन शुक्रवार, म्हणजे आमच्या सुट्टीचे दिवस, काहीच झालं नाही. मला वाटलं, ओसरलं. तिसऱ्या शुक्रवारी मी दोहाहून मेसईदला घरी आले तर आई नव्हती. कंपनीच्या बसने ती एकटीच दोहाला गेली होती, आणि परतली ती बर्फात गुंडाळलेली सुरमई तीन पिशव्यांत बांधून. बाबा चहा पीत होते.

"हे काय?"

"सुरमई. मला खावीशी वाटते. लग्नाआधी खायची, तशी. माझा तवा वेगळा आणलाय."

बाबांनी कप खाली ठेवला. ते रागावले नाहीत. बाबा कधीच रागावत नाहीत. ते म्हणाले, "अगं, तुला कोण नाही म्हणतंय? पण घरात वास किती राहील, बघ ना."

आई ओट्याकडे वळली. तिने तुकड्यांना हळद, मीठ, तिखट चोळलं, रव्यात घोळवले आणि तव्यावर सोडले. वास उठला. तळघरातला नव्हता तो, पण त्याच्याच घराण्यातला. माझ्या जिभेखाली पाणी सुटलं, उलटीआधी सुटतं तसं. मी दात घट्ट धरले. कपाळ सरळ, ओठ सरळ, असं एकेक करून सांभाळत होते.

बाबा दारात येऊन उभे राहिले. आणि आई म्हणाली होती तसंच, ते माझ्याकडे बघू लागले.

"बघ, पोरीचा चेहरा बघ. मळमळतंय ना बाळा?"

आईने मागे वळून पाहिलं नाही. तिच्या हातातलं उलथणं मात्र तव्यावर थांबलं.

माझा चेहरा वाकडा झालाच होता. तो लपवण्यात अर्थ नव्हता.

"हो," मी म्हणाले. "मळमळतंय खूप. म्हणून काय झालं? मी खिडकी उघडते. तू तुकडे परतव, आई, करपतील."

माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.  बाबा "बरं, बरं" म्हणाले, वरणभाताचं ताट घेतलं आणि हॉलमध्ये टीव्हीसमोर जाऊन बसले. आवाज थोडा वाढवला.

आईने तिचं ताट ओट्याशेजारच्या छोट्या टेबलावर ठेवलं. तिथे एकच खुर्ची असते. मी हॉलमधून दुसरी आणली, माझा वरणभात घेतला आणि तिच्यासमोर बसले. खिडकी सताड उघडी होती, तरी मी तोंडानेच श्वास घेत होते.

"तोंड वाकडं आहे तुझं," आई म्हणाली.

"असू दे."

"असू दे."

तिने तुकडा मोडला, काटा बाजूला काढला आणि चोखला, आवाज करत. मी तिच्याकडे बघितलं नाही. पण उठलेही नाही.